गुणलेखकाचा हात

(संस्थेच्या वार्षिक क्रीडादिनी सभासद व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)



कार्यकारिणीने मला 'खेळ आणि जीवन' या विषयावर दोन शब्द बोलायला सांगितले आहे. विषय मोठा आहे आणि माझ्या अंगात खेळ बेताचाच. शाळेच्या कबड्डी संघात मी तीन वर्षे राखीव खेळाडू होतो, आणि राखीवच राहिलो. तेव्हा खेळाविषयी मी उपदेश करणे बरे दिसणार नाही. त्यापेक्षा मी आज माझ्या चुलत्यांविषयी बोलतो. जुन्या सभासदांना ते ठाऊक आहेत. आम्ही त्यांना आप्पा म्हणत असू, आणि हळूहळू सगळी चाळच त्यांना आप्पा म्हणू लागली. २०२१ साली वयाच्या ७३ व्या वर्षी ते आपल्यातून गेले. त्यावेळी कोरोनाचे दिवस होते, शोकसभाही घेता आली नाही. ते राहून गेलेले बोलणे आज बोलतो असे समजा.

आप्पा माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. जन्म १९४८ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावी. दोन वर्षांचे असताना ताप आला. चार दिवसांनी ताप उतरला, पण डावा पाय उठेना. त्यावेळी गावात डॉक्टर नव्हता, आणि पोलिओ हा शब्दही कुणाला माहीत नव्हता. गावातल्या एका शहाण्याने आमच्या आजीला सांगितले की हे मागल्या जन्मीचे पाप आहे. आजी त्या दुःखात कितीतरी वर्षे होती. आप्पा मोठे झाल्यावर या गोष्टीवर हसायचे. म्हणायचे, "दोन वर्षांच्या पोराला मागचा जन्म कशाला पाहिजे? गावच्या विहिरीचं पाणी बघा."

विद्यार्थ्यांसाठी सांगतो. पोलिओचा विषाणू बहुतेक वेळा दूषित पाण्यातून, अन्नातून किंवा अस्वच्छ हातातून पोटात जातो. पुष्कळ मुलांना तो काहीच करत नाही. थोड्या मुलांमध्ये मात्र तो पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूपर्यंत पोहोचतो आणि स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी मारून टाकतो. पायाला स्पर्श कळतो, मुंगी चावली तर कळते, थंडी वाजते, फक्त हुकूम पोहोचत नाही. आप्पा म्हणत, "माझ्या पायाची तार तुटलेली आहे, ऑफिस चालू आहे."

वडील गिरणीत लागल्यावर आप्पांना मुंबईला आणले. वरळीच्या बीडीडी चाळीत तिसऱ्या मजल्यावर आमची खोली. ज्यांचा जन्म त्या चाळींत झाला त्यांना वर्णन करून सांगायला नको, पण नव्या मुलांना कल्पना यावी म्हणून सांगतो. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक. लिफ्ट नाही. आप्पा उजव्या हाताने कठडा धरायचे आणि डावा हात मांडीवर दाबून, गुडघा मागे रेटून एकेक पायरी चढायचे. पुढे हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेतून त्यांना कॅलिपर मिळाले. कातड्याचे पट्टे, दोन लोखंडी दांड्या, खाली बूट. तेव्हापासून आप्पा घरी येत आहेत हे पहिल्या मजल्यापासूनच कळायचे. खट्, थांबा, खट्, थांबा. आई त्या आवाजावर भाताला आधण ठेवायची.

आता खेळाकडे येतो.

आप्पांना खेळाचे वेड कुठून लागले, सांगता येत नाही. शाळेत तर खेळाच्या तासाला त्यांना वर्गात बसवून ठेवत. सगळी मुले खाली जायची आणि आप्पा चाळीस दप्तरे राखायचे. मास्तर वाईट नव्हते. त्यांना खरोखरच वाटे की आपण या मुलावर दया करतो आहोत. आप्पा त्या खिडकीतून खालचा खेळ बघत आणि वहीच्या मागच्या पानावर कोणी किती धावा काढल्या ते लिहून ठेवीत. मुले वर आली की त्यांना हिशेब ऐकवीत. तुझ्या अकरा, याच्या चार, तू दोनदा आऊट होऊन एकदाच गेलास. त्यावरून भांडणे होत, मग वही उघडली जाई, आणि वहीत जे असेल ते मान्य करावे लागे. म्हणजे दप्तरे राखणारा मुलगा सामन्याचा निकाल देऊ लागला. मास्तरांच्या दयेत एवढी एक फट राहून गेली होती.

घरात रेडिओ नव्हता. खालच्या मजल्यावर एका हॉटेलवाल्याकडे होता, तिथे चाळीतले सगळे जमत. मराठीतून धावते वर्णन कसे करावे हे बाळ ज. पंडितांनी महाराष्ट्राला दाखवले, आणि आप्पांना त्यांच्या बोलण्याची लकब तोंडपाठ होती. चेंडूफळीचे मराठी शब्द, धावचीत, यष्टिचीत, पायचीत, त्यांच्या तोंडी तिथूनच आले. इंग्रजी त्यांचे कच्चे होते, पण क्रिकेटच्या नियमांचे इंग्रजी पुस्तक त्यांनी शब्दकोश घेऊन तीन महिन्यांत वाचून काढले. मॅट्रिकला इतकी मेहनत केली असती तर पहिला वर्ग आला असता, असे माझे वडील म्हणत. ते खरेही असेल.

त्यांचा देव म्हणजे, देव हा शब्द त्यांना आवडला नसता, त्यांचा माणूस म्हणजे भागवत चंद्रशेखर. म्हैसूरचा. लहानपणी पोलिओ झालेला. उजवा हात सुकलेला, मनगट बारीक. हा मनुष्य त्याच उजव्या हाताने लेगस्पिन टाकायचा आणि चेंडू फेकायला डावा हात वापरायचा. जानेवारी १९६४ मध्ये तो आपल्या मुंबईतच, ब्रेबॉर्न स्टेडियमवर, इंग्लंडविरुद्ध पहिला कसोटी सामना खेळला. पुढे ५८ कसोटी सामन्यांत त्याने २४२ बळी घेतले. आणि धावा किती? १६७. धावांपेक्षा बळी जास्त असलेले खेळाडू जगात फार थोडे. आप्पा हा आकडा मोठ्या प्रेमाने सांगत.

२३ ऑगस्ट १९७१ ची हकिगत मी वडिलांकडून ऐकलेली आहे, कारण मी तेव्हा चार वर्षांचा होतो. लंडनच्या ओव्हल मैदानावर तिसरी कसोटी. पहिले दोन सामने अनिर्णित. पहिल्या डावात इंग्लंड ३५५, आपण २८४, म्हणजे ७१ धावांनी मागे. कोणाला आशा नव्हती. त्या दिवशी चंद्राने ३८ धावांत ६ बळी घेतले आणि इंग्लंडचा दुसरा डाव १०१ वर संपला. दुसऱ्या दिवशी भारताने चार गडी राखून सामना जिंकला. इंग्लंडमध्ये भारताचा तो पहिला कसोटी विजय, आणि मालिकाही जिंकली. कर्णधार आपले अजित वाडेकर. चाळीत जल्लोष झाला. लोक आप्पांना म्हणू लागले, बघा आप्पा, देवाने त्याचा हात घेतला आणि कला दिली. आप्पा चिडले. म्हणाले, "देवाने काही दिलं नाही. त्याने हजारो चेंडू टाकले. आणि निवड समितीने त्याचा हात बघितला नाही, चेंडू कुठे पडतो ते बघितलं. एवढंच झालं. पण एवढंच होत नाही कधी."

मित्रहो, हे वाक्य जपून ठेवण्यासारखे आहे, कारण खेळाच्या मैदानावरून माणसाला बाहेर ठेवण्याचे प्रकार अनेक आहेत, आणि आपल्या समाजाला त्यातला एक पक्का माहीत आहे. पळवणकर बाळू हे नाव तुम्ही ऐकले असेल. चर्मकार समाजातला डावखुरा फिरकी गोलंदाज. पुण्याच्या गोऱ्या साहेबांच्या क्लबात मैदानाची कामे करता करता तो गोलंदाजी शिकला. हिंदूंच्या संघाने त्याला खेळायला घेतले, कारण तो सामने जिंकून द्यायचा. पण चहाच्या वेळी त्याचा चहा बाहेर, वेगळ्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले. आप्पा म्हणत, बाळूच्या बाबतीत हात चालत होता, माणूस चालत नव्हता. आमच्या बाबतीत माणूस चालतो, बसायला खुर्ची देतात, चहा आधी देतात, पण खेळायला घेत नाहीत. दोन्हीची बरोबरी करू नये हे त्यांना कळत होते. पण कुंपणाच्या आत उभा असलेला माणूस कुंपण कोणाला दिसू देत नाही, हे त्यांनी दोन्हीकडे पाहिले होते.

नोकरीच्या बाबतीत तेच. १९६८ पासून त्यांनी मुलाखती दिल्या. परीक्षा पास व्हायची, मुलाखतीला आत गेले की कॅलिपरचा आवाज व्हायचा आणि समोरच्या माणसांचा चेहरा बदलायचा. कोणत्या कार्यालयात काय झाले ते आज उगाळण्यात अर्थ नाही. १९७७ साली केंद्र सरकारने खालच्या दोन श्रेणींच्या नोकऱ्यांत अपंगांसाठी ३ टक्के जागा राखून ठेवल्या आणि दुसऱ्या वर्षी आप्पा एका सरकारी खात्यात कारकून म्हणून लागले. तेव्हा त्यांचे वय तीस. हे विद्यार्थ्यांनी नीट लक्षात घ्यावे, कारण पुढे १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, माझ्या वडिलांचा पगार बंद झाला तो बंदच झाला, आणि आमच्या घरातली सात माणसे त्या कारकुनाच्या पगारावर जगली. ज्याला सगळे 'बिचारा' म्हणत त्याच्या जिवावर मी दहावी झालो. माझी परीक्षेची फी त्यांनी भरली. बहिणीच्या शिवणयंत्राचे पैसेही त्यांचेच.

आता गुणलेखनाविषयी. आपल्या संस्थेचा टेनिस चेंडूचा क्रिकेट संघ १९७० च्या सुमारास सुरू झाला आणि पहिल्या दिवसापासून स्कोअरबुक आप्पांकडे. लोकांना वाटते, खेळता येत नाही त्याला बसवायची ती जागा. आप्पांनी आधी हे मनातून काढून टाकले. एका चेंडूची नोंद तीन ठिकाणी करायची, फलंदाजाच्या नावापुढे, गोलंदाजाच्या चौकटीत आणि एकूण धावसंख्येत. डावाच्या शेवटी फलंदाजांच्या धावा अधिक अवांतर धावा, यांची बेरीज गोलंदाजांच्या हिशेबाशी जुळलीच पाहिजे. नाही जुळली तर आप्पा उठत नसत. दिवे लागले, पोरे घरी गेली, तरी मैदानाच्या कडेला बाकावर बसून शोधीत राहात. बहुतेक वेळा एखादा लेगबाय गोलंदाजाच्या नावावर चढलेला सापडे.

त्यांनी मला त्या बाकावर शेजारी बसवून हे काम शिकवले. एक गोष्ट त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितली. पंचाने चौकाराची, वाइडची किंवा बायची खूण केली की गुणलेखकाने हात वर करून पोच द्यायची असते. ती पोच मिळेपर्यंत पंचाने पुढचा चेंडू टाकू द्यायचा नाही, असा नियम आहे. आमच्या मैदानावर हा नियम कोणी पाळत नव्हते. आप्पांनी तो पाळायला लावला. सुरुवातीला पंच लक्ष देत नसत, तेव्हा आप्पा बाकावरून मोठ्याने ओरडत, "पोच दिलेली नाही!" खेळ थांबे. पोरे वैतागत. वर्षभरात सगळ्यांना सवय झाली. मग पंच खूण करून आप्पांकडे वळे, आप्पा पेन्सिल कानामागे ठेवून उजवा हात वर करीत, आणि मगच गोलंदाज धावू लागे. एकदा हळूच मला म्हणाले, "बघितलंस? बावीस पायांचं काम माझ्या एका हातासाठी थांबतं."

पण त्यांना खेळायचेही होते. ही गोष्ट घरात कोणी बोलत नसे.

१९८१ चा मे महिना. जांबोरी मैदानावर चाळीचाळींतल्या सामन्यांचा अंतिम सामना, बारा षटकांचा. आमचा एक खेळाडू आलाच नाही, गिरणीत त्याची पाळी बदलली होती. कर्णधार म्हणाला, दहाजण खेळू. आप्पांनी स्कोअरबुक माझ्या मांडीवर ठेवले आणि म्हणाले, "अकरावा मी आहे."

सगळे गप्प. मग समोरच्या संघाचा कर्णधार म्हणाला, आप्पा, तुम्हाला रनर देतो, काही हरकत नाही. यावर आप्पांनी काय सांगावे? "नियमाप्रमाणे मला रनर मिळत नाही. दुखापत सामना चालू असताना झालेली पाहिजे. माझी एकतीस वर्षं आधी झाली." लोक हसले. समोरचा कर्णधार भला माणूस, तो म्हणाला, आमची संमती आहे, मग झाले? आप्पा म्हणाले, "झालं. पण रनरचे बाकीचे नियम सगळे लागू. ठरलं?" ठरले.

क्षेत्ररक्षणाला आप्पा पहिल्या स्लिपमध्ये उभे राहिले. चेंडू तिकडे एकदाही गेला नाही. समोरच्यांच्या ७१ धावा झाल्या. आमचे नऊ गडी बाद झाले तेव्हा आमच्या ६९ होत्या. चार चेंडू बाकी, जिंकायला तीन धावा. आप्पा कॅलिपर घालून, बॅट काठीसारखी टेकत मैदानात गेले. त्यांचा रनर बाजूला, स्क्वेअर लेगच्या पंचाजवळ उभा. पहिला चेंडू त्यांनी सोडून दिला. दुसरा त्यांनी मारला, आणि चांगला मारला, कव्हरच्या मधून. रनर आणि दुसरा फलंदाज धावले. एक झाली, दुसरी झाली. ७१, बरोबरी! चाळीच्या गॅलऱ्यांतून थाळ्या वाजू लागल्या. चेंडू यष्टिरक्षकाकडे आला, त्याने सवयीप्रमाणे यष्ट्या उडवल्या आणि सवयीप्रमाणे ओरडला. पंचाने पाहिले, रनर केव्हाच पोहोचला आहे. नाबाद.

पण फटका मारल्याच्या भरात आप्पा स्वतः दोन पावले पुढे गेले होते. पायाला जमत नव्हते, शरीर धावत होते. आणि नियम असा आहे की रनर घेतलेला फलंदाज स्वतः रेषेच्या बाहेर असताना यष्टिरक्षकाच्या बाजूच्या यष्ट्या उडाल्या तर तो बाद, रनर कुठेही असो. त्या चेंडूवर काढलेल्या धावाही धरायच्या नाहीत. हे पंचाला माहीत नव्हते, दोन्ही कर्णधारांना माहीत नव्हते. सबंध मैदानात एकाच माणसाला माहीत होते.

आप्पा म्हणाले, "मी बाहेर होतो. मी आऊट आहे. त्या दोन धावाही जातात."

आमचा कर्णधार धावत गेला. समोरचा कर्णधारही म्हणाला, राहू द्या हो आप्पा, आम्ही अपील मागे घेतो, तुमच्यासाठी. तेव्हा आप्पांचा आवाज चढला, तो मी बाकावरून ऐकला. "माझ्यासाठी का? दुसऱ्या कुणासाठी मागे घेतलं असतंस का?" तो बिचारा काही बोलला नाही. पंचाने बोट वर केले. आम्ही दोन धावांनी हरलो.

आप्पा बाकापाशी आले, माझ्या हातातून पेन्सिल घेतली, आपल्या नावापुढे 'धावचीत, ०' असे लिहिले, बेरीज ६९ केली, गोलंदाजांचा हिशेब जुळवला आणि खाली सही केली. आमच्या संघातली पोरे त्यांच्याशी आठवडाभर नीट बोलली नाहीत. वडील रात्री म्हणाले, एवढा हट्ट कशाला करायचा? लोक चांगुलपणानेच सांगत होते ना? आप्पा म्हणाले, "दादा, त्यांनी मला सूट दिली असती तर मी खेळलो असं झालं नसतं. मला खेळवलं असं झालं असतं. आता माझ्या नावापुढे शून्य आहे, पण ते फलंदाजांच्या यादीत आहे."

त्यानंतर ते कधी फलंदाजीला गेले नाहीत. का, ते मी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही.

मुरलीकांत पेटकरांची हकिगत आप्पांना फार उशिरा कळली. सांगली जिल्ह्यातले, इस्लामपूरजवळच्या पेठचे. सैन्यात होते, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून शरीर लुळे पडले. १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे अपंगांचे ऑलिंपिक भरले, तिथे ५० मीटर पोहण्यात त्यांनी ३७.३३ सेकंदांचा जागतिक विक्रम करून सुवर्णपदक मिळवले. त्या वर्षी धडधाकटांचे ऑलिंपिक म्युनिकला झाले होते. अपंगांचे मात्र तिथे होऊ शकले नाही, कारण क्रीडाग्रामातली घरे आधीच खासगी वस्तीसाठी बदलायला घेतली होती. म्हणून हायडेलबर्ग. पेटकरांना पद्मश्री मिळाली २०१८ साली, म्हणजे ४६ वर्षांनी. ती बातमी आप्पांनी कापून स्कोअरबुकात ठेवली आणि कडेला लिहिले, 'पोच उशिरा मिळाली.'

त्यांना सगळ्यात आनंद झाला तो ऑगस्ट २०१९ मध्ये. इंग्लंडमध्ये शारीरिक अपंगत्व असलेल्या खेळाडूंची जागतिक क्रिकेट स्पर्धा झाली आणि अंतिम सामन्यात भारताने इंग्लंडलाच हरवले. कर्णधार विक्रांत केणी, आपल्या महाराष्ट्राचा. आप्पा तेव्हा चाकाच्या खुर्चीत होते. पोलिओ झालेल्यांना उतारवयात उरलेले स्नायूही दमतात, तसे त्यांचे झाले होते. नातवाच्या मोबाईलवर त्यांनी तो सामना पाहिला आणि समोर कागद घेऊन स्वतः स्कोअर लिहिला. २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये भारताने २९ पदके मिळवली, सांगलीच्याच सचिन खिलारींनी गोळाफेकीत १६.३२ मीटर गोळा टाकून रौप्यपदक घेतले, ते पाहायला मात्र आप्पा नव्हते.

काही लोक मला म्हणतात, पण त्यांची स्पर्धा वेगळी ना? वर्ग पाडलेले, म्हणजे सवलतच. हा गैरसमज इथे आजच दूर व्हावा. कुस्तीत ५७ किलोच्या पैलवानाची गाठ १२५ किलोच्या पैलवानाशी घालत नाहीत. त्याला कोणी सवलत म्हणते का? कोणाचा हात किती चालतो, पाय किती चालतो, दृष्टी किती आहे, हे तपासून वर्ग ठरवतात, तो वजनगटासारखाच प्रकार आहे. गटात गेल्यावर तिथे कोणी कोणाला सोडत नाही.

शब्दांविषयी एक सांगून टाकतो. २०१५ नंतर सरकारी कागदांवर 'दिव्यांग' हा शब्द आला. हेतू चांगला असेल. आप्पा कॅलिपरवर बोटाने वाजवून म्हणत, "दिव्य काय आहे यात? लोखंड आहे." आणि एकदा एका समारंभात त्यांना तीनचाकी सायकल देण्यासाठी बोलावले होते, तिथे त्यांनी विचारले की ही तिसऱ्या मजल्यावर कशी न्यायची, आणि सायकल एका रस्त्यावरच्या मोची बांधवाला द्यायला सांगून घरी आले. फोटो राहिला म्हणून आयोजक नाराज झाले.

२७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त झाल्याचे जाहीर झाले. शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला, पश्चिम बंगालमधली एक लहान मुलगी. त्या दिवशी आप्पा म्हणाले, "आमच्या टीममध्ये आता नवीन भरती नाही. फार बरं झालं." पण मित्रहो, अपंगत्व केवळ पोलिओने येत नाही. आपल्या वस्तीत आजही अशी मुले आहेत. रेल्वे अपघातात पाय गेलेला एक मुलगा आहे, एक मुलगी जन्मापासून ऐकू शकत नाही, दोघांना दिसत नाही. ही मुले समोर बसली आहेत का? मला एकच दिसतो आहे, आणि तोही खुर्च्यांच्या मागे, आईजवळ.

पालकांना आणि शिक्षकांना माझी विनंती आहे. २०१६ चा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा आहे. त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार धरले आहेत, सरकारी नोकरीत ४ टक्के जागा आहेत, हे बहुतेकांना माहीत असते. पण त्याच कायद्याचे तिसावे कलम खेळाविषयी आहे, हे फारसे कोणाला माहीत नसते. खेळात भाग घेण्याचा हक्क या मुलांना आहे आणि त्यासाठी सोय करणे सरकारचे काम आहे, असे ते सांगते. तेव्हा 'तुला जमणार नाही, तू बस' असे शाळेत कोणी म्हटले तर त्या कलमाचा आकडा सांगा. रागावून सांगू नका, पण सांगा. आधी अपंगत्वाचे प्रमाणपत्र काढा, त्यासाठी लागणारा अर्ज भरून द्यायला मी दर रविवारी कार्यालयात बसतो.

आणि संस्थेला, म्हणजे आपल्याच घरच्या माणसांना, दोन गोष्टी सांगतो. आपल्या व्यायामशाळेला सात पायऱ्या आहेत आणि कठडा एकाच बाजूला आहे. गेल्या वार्षिक सभेत उतार बांधण्याचा ठराव झाला, तो वहीत आहे. अध्यक्ष महोदय हसत आहेत, म्हणजे त्यांना आठवतो आहे. दुसरे म्हणजे आजच्या स्पर्धांत धावणे, लांब उडी, कबड्डी, क्रिकेट आहे. कॅरम आणि बुद्धिबळ पुढच्या वर्षी ठेवू, असे मला सांगण्यात आले. ते ठेवाच, पण अपंग मुलांसाठी म्हणून कोपऱ्यात ठेवू नका. सर्वांसाठी ठेवा आणि त्यात या मुलांना हरवायचे असेल तर खेळून हरवा. गोळाफेक आणि भालाफेक बसूनही करता येते, त्याला एक घट्ट रोवलेली खुर्ची लागते. आपल्यात वेल्डिंग करणारे चार सभासद आहेत.

आप्पांची १९ स्कोअरबुके माझ्याकडे आहेत. १९७३ चे पावसात भिजलेले आहे, बाकी सगळी वाचता येतात. ज्यांचे वडील, आजोबा आपल्या संघातून खेळले त्यांनी येऊन पाहावीत. कोणी किती वेळा शून्यावर बाद झाले तेही त्यात आहे, तेव्हा घरी बढाया ऐकल्या असतील तर तपासून घ्या. ज्या मुलामुलींना गुणलेखन शिकायचे असेल त्यांनी येत्या रविवारी सकाळी दहाला कार्यालयात यावे. पेन्सिल, खोडरबर आणि पट्टी घेऊन यायचे. पेन चालणार नाही.

आता क्रिकेटच्या सामन्याची वेळ झाली आहे आणि दोन्ही कर्णधार माझ्याकडे रोखून बघत आहेत. पंचांनी कृपया लक्षात ठेवावे, बाकावर आज नवीन गुणलेखिका बसली आहे, सातवीतली मुलगी आहे. तिचा हात वर झाल्याशिवाय पुढचा चेंडू टाकू देऊ नये.

जय भीम.